मनाला पटलं की झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक असाच येतो: "तुम्हा ख्रिस्ती लोकांत आतला आवाज म्हणजे देवाचाच आवाज ना? मग मनाला पटेल ते केलं की झालं!" नाही, तेवढ्यानं होत नाही.

मराठी बायबलातला शब्द आहे सदसद्विवेकबुद्धी. बायबलात ज्याची पत्रं आहेत त्या प्रेषित पौलाच्या ग्रीकमध्ये 'सुनेइदेसिस', म्हणजे सोबतीनं जाणणं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो तिला साक्षीला उभी करतो. साक्षीदार कायदा बनवत नाही, पाहिलेलं सांगतो. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यानं हे आणखी नेमकं केलं. चांगलं करावं, वाईट टाळावं ही उपजत जाण चुकत नाही, तिला तो 'सिंदेरेसिस' म्हणतो. त्या जाणिवेवरून आज, इथं, हे काम करावं की नाही याचा निवाडा करणं म्हणजे विवेक. निवाडा मात्र चुकू शकतो.

कापूस वेचणीचा वजनकाटा घ्या. तो पन्नास किलोमागे एक किलो कमी दाखवत असेल, तर मोजणारा कितीही सरळ असो, वेचणाऱ्या बाईची किलोभर मजुरी बुडते. अक्वायनस म्हणतो, चुकलेला विवेकही माणसाला बांधतो. जे पाप वाटतं ते करणं पापच. पण विवेकाप्रमाणे वागलो म्हणून दोष सुटतोच असंही नाही. कळून घेता आलं असतं का, यावर ते ठरतं. काटा बिघडलाय हे खरंच माहीत नसणं वेगळं, आणि शिक्का मारून आणायचा कंटाळा करणं वेगळं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यानंतरही मास्क-हातमोजे न देता मजुराच्या पाठीवर पंप चढवणाऱ्याला "मला ठाऊक नव्हतं" म्हणता येत नाही. आणि नुसती शंका असेल तर? थांबायचं, विचारायचं, मगच हात घालायचा.

गावातल्या ख्रिस्ती घरांना आणखी एक प्रश्न हमखास पडतो: शेजारच्या नवसाच्या बकऱ्याचं जेवण घ्यावं का? तो पौलाच्या काळी ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनाही पडला होता. पौलाचं उत्तर असं: बाजारातलं मांस चौकशी न करता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण "हे वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलंच, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. स्वतःच्या नव्हे, त्याच्या! मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. 'मनाला पटलं' म्हणताना आपण दुसऱ्याला हिशेबातच धरत नाही.

हा आतला काटा तपासायची रीत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानं घालून दिली. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ ची. आधी देवाचे आभार, मग स्वतःला ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासानं तपासणं, क्षमा, आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. चुकतं कुठं, तर लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात. मग मन नुसतं खात राहतं, आणि खाणाऱ्या मनालाच विवेक समजलं जातं. लॅटिनमध्ये 'स्क्रुपुलुस' म्हणजे बारीक टोकदार खडा. वहाणेत अडकला की पाऊल टाकवत नाही. अशा वेळी कबूल केलेली चूक पुन्हा पुन्हा कबूल करत बसू नये. एकाच जाणत्या फादरचं ऐकावं.

'लोक काय म्हणतील' यात वाढलेल्या आपल्या गावांना जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर लवकर कळावा. १९२७ च्या ग्रंथात तो म्हणतो, विवेकाची हाक माणसाला 'लोकां'मधून परत स्वतःकडे बोलावते. पण ती हाक काय करायचं ते सांगत नाही. माझ्या मते तिथंच तो अपुरा पडतो. नुसत्या खंबीरपणानं चुकीचंही काम नेटानं करता येतं.

खंबीरपणा आणि तपासणी दोन्ही पाहायची असेल तर ऑस्ट्रियाच्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर पाहा. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यानं नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. घरी बायको आणि तीन लहान मुली होत्या. नकार देण्याआधी तो वाचत होता, प्रार्थना करत होता, धर्मगुरूंना विचारत होता, लिंत्सच्या बिशपांपर्यंतही गेला होता. घराचा विचार कर, असंच त्याला सांगितलं गेलं. त्यानं ते ऐकून घेतलं, तोललं, आणि मग ठरवलं.