बुवा थांबले की तंबोरा थांबतो

"भाऊ, बुवा थांबनात का तंबोरा बी थांबी जास."

पारोळ्याकडच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीने जळगावला आलेल्या निवृत्त गुरुजींनी टेबलावर पिशवी ठेवत एवढंच सांगितलं. पिशवीत दहा सीडींचा संच होता, जुन्या गवयांचा, 'डिजिटल रीमास्टर' असं झळकणारा, पाचशे रुपयांच्या आत मिळालेला. सोबत एक जुनी कॅसेट आणि जुन्या धोतरात गुंडाळलेल्या सहा लाखेच्या तबकड्या. मुलाने हौसेने संच आणून दिला, पण गुरुजींना तो ऐकवत नव्हता. घरात सगळे म्हणत होते, "आवाज तर किती स्वच्छ आहे!"

रेकॉर्ड आणि कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याच्या माझ्या या कामात "आवाज खराब आहे" ही तक्रार रोजची. पण तक्रारीतच इतकं नेमकं निदान क्वचित मिळतं. चौथी सीडी लावली. किराणा घराण्याच्या एका बुवांची मैफल, विलंबित मालकंस. बुवा गात होते तोवर मागे तंबोरा होता. त्यांनी श्वास घेतला आणि तंबोरा गेला, पाठोपाठ सभागृहही गेलं. काळी पोकळी. पुढची ओळ सुरू झाली तसा तंबोरा पुन्हा उगवला. तीन मिनिटांत हे अकरा वेळा झालं.

हे कसं होतं ते सांगतो, कारण घरी ऑडॅसिटीसारखा प्रोग्राम वापरणारेही नेमकी हीच चूक करतात. खरखर काढण्याच्या प्रोग्रामला आधी निव्वळ खरखरीचा नमुना द्यावा लागतो. तो नमुना खालच्या-वरच्या स्वरांच्या शेकडो पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टीतली खरखरीची पातळी प्रोग्राम लक्षात ठेवतो, आणि पुढे ज्या पट्टीतला आवाज त्या पातळीच्या खाली जाईल ती पट्टी दाबतो. नमुना बहुधा सुरुवातीच्या सेकंद-दोन सेकंदांतून घेतात. नाटकाच्या किंवा भाषणाच्या टेपला ते चालतं. आपल्या मैफलीच्या टेपमध्ये मात्र सुरुवातीला शांतता नसतेच. तंबोरे जुळून वाजत असतात, मगच टेप सुरू होते. त्या दोन सेकंदांचा नमुना दिला, की तंबोरा हीच खरखर असं प्रोग्रामला शिकवून झालं. तंबोरा अखंड आणि एकसारखा वाजतो. प्रोग्रामच्या लेखी खरखरीची व्याख्याही तीच. बुवांचा आवाज वर आला की पट्ट्या उघडतात, त्यांच्या आडोशाने तंबोराही बाहेर येतो. आवाज थांबला की सगळं बंद.

कॅसेट त्याच मैफलीची निघाली, हे नशीब. तिच्यातली टेपला हेडवर दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी गळून पडली होती. अशी कॅसेट तशीच लावली तर वरचे स्वर बोथट येतात आणि आवाज आतबाहेर होतो. टेपची दोन्ही रिळं काढून पाच स्क्रूच्या एका चांगल्या डब्यात बसवली. मग हेडचा कोन. हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकत, जिथे टेपची सी-सी सर्वांत तीक्ष्ण होते तिथे थांबायचं. दोन चॅनेल वेगवेगळे ऐकत राहिलं तर ही चूक कानाला सापडत नाही; एकत्र केले की कोन जरा चुकला तरी वरचे स्वर एकमेकांना खातात आणि लगेच कळतं.

कॅसेटवर खरखर भरपूर होती, पण बुवांच्या विश्रांतीतही तंबोरा चालू होता. एकच जागा कॅसेट आणि सीडी दोन्हींवर मोजली; उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. कॅसेटवर तंबोरा उणे ३८ डेसिबलला आणि खरखर उणे ५२ला, म्हणजे तंबोरा खरखरीच्या १४ डेसिबल वर. त्याच विश्रांतीत संचावर जे काही उरलं होतं ते उणे ६२ला. कॅसेटवर आलाप आणि द्रुत यांच्यात १७ डेसिबलचं अंतर होतं, संचावर ६. हलक्या सुरात लावलेला षड्ज आणि तानेचा भर जवळजवळ एकाच उंचीवर आणून ठेवले होते. मालकंसात पंचम नाही, तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. त्या मध्यमावर टेकून बुवा थांबतात तेव्हा ती विश्रांतीही गाण्याचाच भाग असते. ती कापून मिळवलेली स्वच्छता कोणाच्या उपयोगाची, हे मला खरोखर समजत नाही.

दुसरी तक्रार पट्टीची होती. गुरुजी रोज पेटी घेऊन जुन्या रेकॉर्डसोबत बसतात. त्यांच्याकडच्या एका दहा इंची तबकडीतला भीमपलास पेटीच्या काळी एकला चपखल बसतो. संचातला तोच भीमपलास काळी एकलाही बसेना, पांढरी दोनलाही.

तबकडी उतरवण्याचं काम दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ठेवलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४४च्या पुढे जातो, कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरची घरघर टेबलातून थेट सुईत चढते. लाखेची तबकडी उन्हात ठेवली तर वाकते, तेही एक.

आधी धुणं. इथल्या बोअरच्या पाण्याने धुतलं तर खाचेत क्षार बसतात, म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, अर्ध्या लिटरला सौम्य साबणाचे दोन थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं आणि उभी वाळवायची. स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल मुळीच नाही. सुतार स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून पॉलिश करतात ना, तीच ही लाख. एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डसाठी, चालणारं द्रव लावून लोकांनी तबकड्या कायमच्या पांढुरक्या करून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुई ३ मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची, भार साडेचार ग्रॅम. एलपीची १ मिलपेक्षाही बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि तळातली सगळी धूळ वाजवते. ध्वनिमुद्रण मोनो असलं तरी उतरवायचं स्टिरिओत, कारण खाचेच्या दोन भिंती दोन चॅनेलवर वेगळ्या येतात आणि त्या सारख्या झिजलेल्या नसतात. या तबकडीची बाहेरची भिंत खूपच बरी निघाली, तेवढीच घेतली.

वेगासाठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे. एलईडीखाली रेघा नीट थांबत नाहीत, निऑनचा टेस्टर जवळ धरला तर थांबतात. या वेगाला भीमपलासाचा षड्ज १३८.६ हर्ट्झला आला, म्हणजे काळी एक, आणि पूर्ण बाजू ३ मिनिटं १२ सेकंदांची. संचावर षड्ज १४२.३ आणि लांबी ३ मिनिटं ७ सेकंद. भागाकार केला तर दोन्हींचं उत्तर एकच, १.०२७. ७७.९२ला त्याने गुणलं की ८०.

कोलंबिया कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर ८० वेग छापलेला असे. १९२५च्या आधी, भोंग्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण होत असे त्या काळात, वेग एकसारखा नसायचा. सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेही जायचा. त्या तबकड्यांचा वेग प्रत्येकीला ऐकून ठरवावा लागतो. ही तबकडी मात्र १९३०च्या दशकातली, मायक्रोफोनवरची, आणि त्या काळात वेग ७८च्या आसपास स्थिरावला होता. संच करणाऱ्याने टर्नटेबल एकदा ८०ला लावलं आणि सगळा ढीग त्याच वेगाने उतरवला असावा. मी आणखी तीन तबकड्या ताडून पाहिल्या, तिन्हींत तोच १.०२७. पाच सेकंद कोणाला जाणवत नाहीत. पण सूर एका पट्टीच्या जवळजवळ निम्म्याने चढतो, आवाज कोवळा होतो, आणि बुवांची ठेहराव असलेली मींड घाईची वाटू लागते.

भीमपलासाच्या त्या सीडीवर आवाज दबलेलाही होता. १९५४पासून रूढ झालेला आरआयएए वक्र, म्हणजे मुद्रणात चढवलेले वरचे स्वर वाजवताना परत उतरवण्याचं ठरलेलं माप, एलपीसाठी आहे. तो १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतो. १९३०च्या दशकातल्या तबकड्यांत वरचे स्वर तसे चढवलेले नसतातच, त्यामुळे यूएसबीच्या स्वस्त टर्नटेबलवर त्या घोंगडीखालून आल्यासारख्या येतात. मग कोणीतरी भरपाई म्हणून ३ किलोहर्ट्झपाशी उचल दिली, आणि गवई नाकात गाऊ लागले. तबल्याचा 'ना' तर टकटक काढणाऱ्या प्रोग्रामने खाल्ला होता. चाटीवरचा घाव आणि चरा यांचा आलेख दिसायला सारखाच, टोकदार आणि क्षणभराचा. सातव्या सीडीची खरखर १६ किलोहर्ट्झला सुरीने कापावी तशी संपत होती. ती सरळ एमपीथ्रीवरून केलेली.

संचातली नववी सीडी मात्र उत्तम होती, हे आवर्जून सांगायला हवं. बालगंधर्वांची नाट्यपदं, खरखर जशीच्या तशी, वेग बरोबर, ऑर्गन आणि सारंगी वेगवेगळी ऐकू येणारी. ज्यांनी लहानपणी इथे जळगावातच मेहबूबखाँकडे धडे घेतले त्यांचा आवाज इतका शाबूत मिळाला म्हणून गुरुजींनी ती दोनदा लावायला सांगितली. स्वस्त संच वाईटच असतो असं नाही. या सीडीवर कोणी फारसा हात चालवला नव्हता, एवढंच.

संचातल्या बाकीच्या सीडींच्या दोषांपैकी वेग तेवढा दुरुस्त करता येतो: ०.९७४ने गुणा, सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. गेलेला तंबोरा परत आणता येत नाही. म्हणून मैफल कॅसेटवरूनच घेतली. खरखरीचा नमुना कॅसेटच्या शेवटी, टाळ्या विरल्यावर उरलेल्या पाऊण सेकंदातून मिळाला. खरखरीची घट फक्त ४ डेसिबल. काढून टाकलेला भाग वेगळा करून ऐकला. प्रोग्राममध्ये 'रेसिड्यू' म्हणून ती सोय असते. त्यात तंबोऱ्याचा नाद किंचित जरी आला तरी घट कमी करायची. ४ला आला नाही, ६ला आला. तबकड्यांचे मोठे चरे हाताने, एकेक निवडून काढले. एका बाजूला दीड तास गेला.

गुरुजी चार दिवसांनी पेटी घेऊनच आले. काळी एक धरली आणि भीमपलास संपेपर्यंत भाता सोडला नाही. नंतर मालकंस लावला. पहिल्या विश्रांतीला त्यांनी डोळे मिटले, तंबोरा चालूच होता. मी मूळ फायलींच्या पाकिटावर प्रत्येक तबकडीपुढे लिहून दिलं: वेग ७७.९२, सुई ३ मिल, बाहेरची भिंत, खालचे स्वर उचलणारा वक्र २५० हर्ट्झखाली, वरची कपात नाही, घट शून्य.

गुरुजींनी ते वाचून 'घट शून्य'खाली पेनने रेघ मारली.