घरी काहाची विहीर?

दुपारी बाराला टॅबलेटवरचे फॉर्म उतरवून घेतले, तर २० घरांपैकी १६ घरांचा पाण्याचा भाग कोरा. पोरं सकाळी सातपासून फिरत होती, कामचुकार एकही नाही. मग चुकलं कुठे?

गाव पांढरकवड्याकडचं, दिवाळीनंतरचा आठवडा, कापूस वेचणी जोरात. प्रकल्प चार विद्यापीठांचा: भूजलवाले श्रीलंकेचे, दंतवैद्य थायलंडचे, धातू तपासणारी प्रयोगशाळा जपानची, गावातलं सगळं काम आमच्याकडे. विषय पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

फॉर्म मूळचा श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यासाठी, अनुराधपूरकडच्या गावांसाठी केलेला. तिकडे अंगणात स्वतःची विहीर असणं नेहमीचं. म्हणून पाण्याचा पहिलाच प्रश्न, "घरची विहीर आहे का?" उत्तर "नाही" आलं की टॅबलेट पुढचे ११ प्रश्न गाळून थेट जेवणखाण्यावर उडी मारतो. मराठी भाषांतर बिनचूक होतं. त्याचं उलट इंग्रजीही करून पाहिलं होतं, तेही जुळलं होतं. शब्द बरोबर होते, घर चुकलं होतं. एका काकूंना पुन्हा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घरी काहाची विहीर जी? विहीर वावरात हाये. घरी बोरिंगचं पाणी."

आम्ही नमुने घेतले होते गावातल्या बोरिंगचे. वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी आठला घर सोडते, दिवे लागताना परत येते. दिवसभराच्या ४ लिटर पाण्यातलं ३ लिटर वावरातलं धरा. घरच्या पाण्यात १ मिलिग्रॅम आणि वावरातल्या पाण्यात ३ असेल, तर पोटात जातात १० मिलिग्रॅम. फक्त घरचं पाणी मोजलं तर कागदावर ४ च येतात. ही तफावत कुठल्याही संख्याशास्त्राने मागाहून भरून निघत नाही.

आणि शेजारच्या वावरातलं पाणी गावासारखंच असेल, हे धरून चालता येत नाही. यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा असला तरी या बाजूला खाली चुनखडक आणि शेल, म्हणजे चिखलाचा थरांचा खडक, हेही लागतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जातं. कॅल्शियम कमी आणि सोडियम, बायकार्बोनेट जास्त असं पाणी खडकातून फ्लोराइड ओढून घेतं. बोअर खोल असला, पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असलं, की बहुधा आकडा चढतो.

तेवढ्यात शाळेच्या वऱ्हांड्यात दुसरंच निघालं. फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड लिटरला १ आणि १० मिलिग्रॅमच्या प्रमाण द्रावणांत बुडवला की दोन वाचनांत ५४ ते ६० मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. आला ४९. विद्यार्थ्याने आधी १० चं द्रावण मोजलं आणि तोच पेला न विसळता १ साठी वापरला. तळाशी जेमतेम १ मिली उरलं होतं. १० मिली द्रावण आणि तेवढंच टिसॅब (मोजणी स्थिर ठेवायला घालतात ते मिश्रण) अशा २० मिलीत ते मिसळलं आणि १ चं द्रावण दीडच्या जवळ गेलं. म्हणजे नेमकं मर्यादेवर! कमीकडून जास्तीकडे जायचं, दर वेळी इलेक्ट्रोड शुद्ध पाण्याने धुऊन टिपून घ्यायचा, एवढंच. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली बाटली फ्लोराइडला वापरायची नाही, कारण आम्लात फ्लोराइड हायड्रोजनला चिकटतं आणि इलेक्ट्रोडला दिसतच नाही. आम्ही आम्लाच्या बाटल्यांना लाल झाकणं लावली होती, म्हणून निदान तो घोळ झाला नाही.

दंतवैद्यांची अडचण अस्सल वैदर्भी. सातवी-आठवीच्या काही पोरांच्या दातांवरही खर्र्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीचे डाग. फ्लोरोसिसचा, म्हणजे जास्त फ्लोराइडने पडणारा डाग दाताचा मुलामा तयार होतानाच पडतो, म्हणून तो दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा दिसतो. खर्र्याचा डाग वरून चढलेला, घासून साफ केला की निघतो. तेव्हा आधी दात स्वच्छ करायचा, पुसून कोरडा करायचा, मगच डीनच्या, म्हणजे फ्लोरोसिस किती ते ठरवणाऱ्या श्रेणीत बसवायचा. आणि बारा वर्षांच्या पोराचा दात आजचं पाणी सांगत नाही, तो पहिल्या काही वर्षांतलं पाणी सांगतो. तेव्हा पोर मामाच्या गावी होतं का, गावातला कुठला बोअर मधे बंद झाला का, हेही विचारायला हवं. नेमके हे प्रश्न त्या गळलेल्या अकरांत होते.

दोन वाजता फोन जोडला. जपानात साडेपाच वाजलेले, थायलंडमध्ये साडेतीन. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याबरोबरच. नैतिकता समितीने मंजूर केलेला फॉर्म गावात बसून बदलता येत नाही, आणि इथे समित्या चार. जपानी सहकारी म्हणाले, काम थांबवा. श्रीलंकेचे म्हणाले, मोकळ्या नोंदीच्या रकान्यात लिहून घ्या. मला दुसरं पटलं. त्या रकान्याला मंजुरी होतीच, आणि वेचणी संपल्यावर हे उत्तर तसंच मिळालं नसतं. सुधारलेला प्रश्न, "काल दिवसभरात कुठकुठलं पाणी प्यायलात?", आवृत्ती दोन म्हणून त्याच रात्री चारही समित्यांकडे पाठवला. मंजुरी येईपर्यंत टॅबलेटमध्ये पहिलीच आवृत्ती राहिली.

वावरातलं पाणी किती, हे विचारून कळत नाही. कुणी गडव्यात सांगतं, कुणी कॅनमध्ये. म्हणून दिवेलागणीला बायांच्या परतीच्या वाटेवर मोजपात्र घेऊन बसलो. ओल्या पोत्यात गुंडाळलेला ५ लिटरचा कॅन प्रत्येकीच्या हातात. सकाळी किती भरला, मधे पुन्हा भरला का, उरलं किती, एवढंच विचारायचं. उरलेलं मोजायला मागितलं, तर एकीने ते आधीच बैलापुढे ओतून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोळाही घरी पुन्हा गेलो. पाच घरांना कुलूप होतं.