नकाशा झाला, पण यादीने घाम काढला

नागपूरच्या नंदनवन भागात कचरा टाकायची जागा कुणाच्या घरापासून किती लांब पडते, हे मला नकाशावर पाहायचं होतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून मिळतात. ते काम भराभर झालं. अडलं ते संकलन केंद्रांच्या, म्हणजे कचरा टाकायच्या जागांच्या, यादीवर.

यादी मागायला गेलो तर एका कार्यालयात मलाच विचारलं, "तुम्हाले कायले पाहिजे? गाडी येते ना दारात!" मग या टेबलावरून त्या टेबलावर चकरा. शेवटी हातात पडली ती झेरॉक्सची झेरॉक्स. पत्त्याच्या रकान्यात 'शाळेजवळ', 'नाल्याच्या बाजूला', 'मैदानामागे'. कोणती शाळा, कोणता नाला? आजही आठवलं की डोकं तापतं.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा. यादी एक्सेलमध्येच हवी, असं स्पष्ट लिहा. कलम 7(9) नुसार माहिती सहसा मागितलेल्या स्वरूपातच द्यावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलं. त्यानंतर मात्र फाइल आली, पूर्ण पत्त्यांसकट! त्या दिवशी खरंच हायसं वाटलं.

तरी नुसत्या फाइलवर विसंबू नका. मोबाइल घेऊन प्रत्येक जागी जा आणि तिथेच अक्षांश-रेखांश टिपा. एका पत्त्यावर कंटेनर नव्हताच. सिमेंटचा ओटा आणि त्यावर गंजाचे चार ठसे तेवढे होते. अशी जागा 'सोय आहे' म्हणून मोजली, तर तिथल्या लोकांवर अन्यायच.

अंतर मोजण्याआधी नकाशाचा थर (लेयर) यूटीएम 44 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्या, नाहीतर केंद्राभोवती 250 मीटरचं वर्तुळ काढताना 250 अंश धरले जातात. आणि नुसती वर्तुळं काढून थांबू नका. वर्तुळ नाग नदी सहज ओलांडतं, माणसाला पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. रस्त्याने अंतर मोजणारं 'सर्व्हिस एरिया' साधन वापरलं, तेव्हा वर्तुळात आलेली पलीकडची घरं बाहेर पडली. मला दाखवायचं होतं ते हेच.

हो, अर्ज दिल्यावर तारखेची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अपिलात पहिल्यांदा तीच मागतात.