फिक्या रंगाची तुरट बारोलो

इटलीची बारोलो ही लाल वाइन ग्लासात ओतली की पहिल्यांदा शंका येते, कुणी पाणी तर घातलं नाही ना? रंग इतका फिका की ग्लासापलीकडची बोटं दिसतात. त्या रंगावर भरवसा ठेवून मोठा घोट घ्यावा, तर कोवळी सुपारी चावल्यासारख्या हिरड्या आवळून येतात. ती ज्यापासून होते त्या नेब्बिओलो या द्राक्षाची तऱ्हाच अशी. रंग थोडका, टॅनिन म्हणजे तोंड आवळणारा तुरटपणा रग्गड, आणि आंबटपणाही काही कमी नाही.

इटलीच्या वायव्येला, पिएमोंते प्रांतात आल्बाच्या आसपास लांगेच्या टेकड्या आहेत. तिथे हे द्राक्ष कोंब लवकर काढतं आणि पिकायला मात्र ऑक्टोबर उजाडवतं. पुढे कायदाच सांगतो की तोडणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने थांबा, त्यातले 18 लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझेर्व्हा’ लिहायचं असेल तर 62 महिने. एवढं करूनही बाटली विकायला येते तेव्हा बहुतेक वेळा घुश्श्यातच असते.

मग बाटलीत, अंधारात, सावकाश काम चालतं. टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्याला धरून जड होतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. कडेचा लाल रंग विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि वाळलेला गुलाब, डांबर, चामडं असं काहीबाही वर येतं. डांबर आणि गुलाब एकाच ग्लासात! मला या वाइनचं अप्रूप आहे ते एवढ्यासाठीच.

सगळ्यांना हा धीर धरवला नाही. 1980 च्या दशकात तिथल्या काही तरुण वाइनवाल्यांनी लहान फ्रेंच पिंपं आणली आणि द्राक्षांच्या साली रसात मुरवायचे दिवस कमी केले. एलिओ आल्तारेने तर बापाची जुनी मोठी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीने वाइन करणारा बार्तोलो मास्कारेल्लो. या म्हाताऱ्याने बाटलीच्या लेबलवरच लिहिलं, ‘बार्रिक नको, बेर्लुस्कोनी नको.’ यातलं बार्रिक म्हणजे ते लहान फ्रेंच पिंप, आणि बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा राजकारणी. माझं मत म्हाताऱ्याच्या बाजूने. नव्या ओक लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोला शोभत नाही.

तिथली माणसं बारोलो मुरेपर्यंत काही तोंडाला कुलूप लावून बसत नाहीत. रोजच्या जेवणाला दोल्चेत्तो आणि बार्बेरा या दुसऱ्या द्राक्षांच्या वाइन असतात, त्या नव्या असतानाच पिऊन टाकायच्या. जगातल्या बहुतेक वाइन तशाच असतात. उगाच कपाटात ठेवून त्यांचं भलं होत नाही.

तरुण बारोलो हाती लागलीच तर सोबत मांस हवं, कारण टॅनिन प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि जीभ सुटते. पिएमोंतेत गोमांस बारोलोतच तासन्‌तास शिजवतात. आपला तांबडा रस्सा मात्र तिच्यासमोर ठेवू नये. तिखट, टॅनिन आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल एकत्र आले की रस्साही कळत नाही आणि वाइनही.