गंगाधरपंत, मर्दनगड आणि पदेर

१९ जुलै २०२५, शनिवार
बांदिवडे, फोंडा (गोवा)

दुपारपासून वीज नाही. पाऊस असा लागलाय की कौलांचा आवाज वरचढ होतो आणि आपण आपोआप ओरडून बोलायला लागतो. भाची चार दिवसांसाठी आलीय. अकरावीत, सीबीएसईत. मोबाइलची बॅटरी संपल्यावर नाइलाजाने इंग्रजीचं पुस्तक उघडलं आणि तासाभराने म्हणाली, "मामा, ह्यात एक गायतोंडे आहे. आपल्या इकडचाच ना?"

आज जयंत नारळीकरांचा जन्मदिवस. उद्या ते गेले त्याला दोन महिने होतील. सकाळी कॅलेंडर बघताना आठवलं होतं, मग बाजारहाटात विसरलो. आठवण करून द्यायला गायतोंडे यावा हे बरं झालं.

तिच्या पुस्तकातला धडा म्हणजे नारळीकरांची कथा, आमचं 'गंगाधरपंतांचे पानिपत'. मी ते कॉलेजात असताना वाचलं, वाचनालयाच्या प्रतीत. गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक, नऊशे नव्व्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेले. हजाराव्या सभेत बोलायचं होतं पानिपताचा निकाल उलट लागला असता तर काय, यावर. त्या विचारात ट्रकची धडक बसते आणि पंत जाऊन पडतात थेट त्याच 'तर' मध्ये. तिथे विश्वासरावांची गोळी कानाला चाटून गेलीय, मराठे जिंकलेत, आणि मुंबईत कंपनी सरकार मजेत नांदतंय. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते, पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. त्या जगात मात्र लोकांनी अध्यक्षीय भाषणं कधीच बंद केलेली असतात. पुढे अंडी, टोमॅटो.

भाचीला हे फार आवडलं. मला का हसू येतंय ते तिला उशिरा कळलं. पंचवीस वर्षं गणित शिकवून मीही त्याच जातीचा.

नारळीकर माणूस कसा होता ते तिला थोडक्यात सांगितलं. जन्म कोल्हापूरचा, लहानपण बनारसला, वडील तिथे विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. मग केंब्रिज, १९५९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत रँग्लर, तेही यादीत पहिले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावरचं काम, आणि सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. १९७२ मध्ये परत मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८८ पासून पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, पण तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, कथा-कादंबऱ्यांना नव्हे. ही गोष्ट मला जरा लागते. नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा तब्येतीमुळे जाता आलं नाही. अध्यक्षाची खुर्ची रिकामीच राहिली म्हणायची. (पंतांना कळवायला हवं होतं.)

पण मला सगळ्यांत आवडतो तो १९७४ चा किस्सा. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. नावाचा प्रभाव पडू नये म्हणून यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' झाले. अक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात. 'कृष्णविवर' पहिली आली. पद्मभूषण खिशात असलेला माणूस परीक्षेला बसतो आणि हजेरीपटावर खोटं नाव लावतो! आमच्या शाळेत याच्या उलट प्रकार चालतो.

खरं बोलायचं तर त्यांची माणसं मला कधी फारशी लक्षात राहिली नाहीत. एका कथेतला शास्त्रज्ञ उचलून दुसऱ्या कथेत ठेवला तरी चालेल. 'प्रेषित' मी दोनदा वाचली, पण आलोकचा चेहरा काही डोळ्यांपुढे येत नाही. 'वामन परत न आला' मधला यंत्रमानव मात्र येतो, कारण त्याला काहीतरी हवं असतं: स्वतःसारखे आणखी घडवायचे असतात. नारळीकरांची करामत माणसात नाही, 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेतल्या सोंडेत आहे. एका पट्टीला पीळ देऊन टोकं चिकटवली की डावं-उजवं उलटतं, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं असेन. त्यांनी त्यावरून क्रिकेटपटू उलटा करून दाखवला आणि सोंडेची दिशा बदलली. मराठी घरातलीच वस्तू घेऊन, तेही न बिचकता.

मग भाचीने तो प्रश्न विचारला. "मराठे जिंकले असते तर आपलं काय झालं असतं? मुंबई-पुण्याचं सांगितलंय. गोव्याचं कुठे आहे?"

कथेत नाही. मग आम्हीच मांडत बसलो. १७५६ मध्ये खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय, कोंद द आल्व्हा, फोंड्याच्या मर्दनगड किल्ल्यावर चालून आला आणि मराठ्यांशी लढताना इथेच मेला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. दक्षिणेत मराठ्यांचा जोर ओसरला, हैदरअलीने डोकं वर काढलं. १७६३ मध्ये त्याने बिदनूर घेतलं, मग सौंद्यावर आला. सौंदेकर राजा पळून पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला. राहिला कुठे, तर आमच्याच बांदिवड्यात. आणि त्याच वर्षी फोंडा पोर्तुगीजांकडे गेला. व्हाइसरॉयचा जीव घेणारा मर्दनगड सात वर्षांत हातचा गेला.

म्हणजे ती गोळी कानाला चाटून गेली असती तर कदाचित हैदर आला नसता, राजा आला नसता, आजोबांना पोर्तुगीज शाळेतली 'प्रिमेरू ग्राव' ची परीक्षा द्यावी लागली नसती. बाणस्तारीच्या खाडीवर पोर्तुगीजांची सरहद्द राहिली असती. १९ डिसेंबर १९६१ हा गोवामुक्तीचा दिवस आमचा नसताच, फक्त पलीकडच्यांचा. मी रंगात आलो होतो. कंदील पुढे ओढून वहीत नकाशाही काढला.

बायको आतून म्हणाली, "हजारावी सभा का?"

भाची मात्र गंभीर होती. नकाशातल्या खाडीवर बोट ठेवून म्हणाली, "मग सकाळी पदेर आला असता?"

पदेर म्हणजे आमचा पाववाला. पाव पोर्तुगीजांचा, हे तिला ठाऊक आहे. मी विचार करून सांगितलं, की आला असता, पण होडीने, नाक्यावर जकात भरून. उंडे, म्हणजे गोल पाव, थोडे गार मिळाले असते.

"मग नको," म्हणाली, आणि कंदील घेऊन झोपायला गेली. ही शेवटची ओळ बॅटरीच्या उजेडात लिहितोय.