पॉवर पॅक आला म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी विकू काय?

लिथियमचा पॉवर पॅक (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात, उचलून नेता येणारा) घेतल्यापासून गावातलं जो तो येऊन हेच विचारतोय, काय ओ, आता ती जुनी बॅटरी काढून टाकणार काय, द्या की आम्हाला. नाही देणार. दोन्ही ठेवणार आहे आणि का ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवली की काम झालं.

आधी आकड्यांचं बघू, कारण सगळा घोळ तिथंच होतोय. आमच्यातलाच एक पोरगा बेळगावातून पॉवर बँक घेऊन आला, डब्यावर ५०,००० एमएएच. आणि आल्या आल्या म्हणतोय की काका ही ५० एएचची बॅटरी आहे, कारच्या बॅटरीपेक्षा मोठी. आता ५०,००० एमएएच म्हणजे ५० एएच (अँपियर-अवर, हजार एमएएचचा एक) हे खरंच, पण ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेलं असतंय. गुणून बघा, ५० गुणिले ३.७ म्हणजे १८५ वॅट-अवर, आत साठणारी खरी वीज एवढी. आणि कारची ५० एएचची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ६०० वॅट-अवर. तिप्पट फरक. त्यामुळं दुकानात गेल्यावर एएच आणि एमएएच विचारूच नका, सरळ वॅट-अवर किती ते विचारा, आणि दुकानदाराला सांगता येत नसेल तर डब्याच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय ते वाचा.

आता शिशाच्या बॅटरीचापण आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो बरं का. आमच्या घरी इन्व्हर्टरला १५० एएचची ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची शिशाची बॅटरी) आहे, कागदावर १८०० वॅट-अवर. पण त्यावर सी-२० असं लिहिलेलं असतंय, म्हणजे वीस तास हळूहळू साडेसात अँपियरनं काढली तर १५० मिळणार. दोन जुने पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफायचा डबा लावला की २०० वॅटच्या आसपास लोड होतंय, बॅटरीतून सतरा-अठरा ते वीस अँपियर ओढले जातात, आणि जेवढं जोरात ओढाल तेवढी तिची कुवत कमी भरते. वर परत ती अर्ध्याच्या खाली रोज रोज उतरवली तर आयुष्य कमी होतंय. म्हणजे हातात खरे आठ-नऊशे वॅट-अवर, चार-साडेचार तास. लिथियममध्ये (मी एलएफपी म्हणतोय, लिथियम आयर्न फॉस्फेट, ते महत्त्वाचं आहे) ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येतंय आणि लोड वाढला तरी फार फरक पडत नाही. माझा पॅक ५०० वॅट-अवरचा आहे, आतला इन्व्हर्टर थोडं खातो, सव्वाचारशे मिळतात धरा. जुन्या पंख्यांवर दोन तास. पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणारे) बसवले तर तोच पॅक चार तास जातोय, त्यामुळं मला विचाराल तर बॅटरी बदलायच्या आधी पंखे बदला.

मग वजन. ट्युब्युलर पन्नास-साठ किलो, पॅक सहा किलो. पण घरात जिन्याखाली बसलेल्या बॅटरीचं वजन कुणाला उचलायचंय? तिथं वजनाचा काही संबंध नाही. संबंध कुठं येतोय ते पावसाळ्यात कळतंय.

आमचं गाव जांबोटीच्या अंगाला. इकडं खानापूर तालुक्यात, त्यातनं कणकुंबीकडं, पाऊस कसा पडतोय ते बेळगाव शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. झाड तारांवर पडलं की करंट गेला, आणि गेला म्हणजे तास-दोन तास नव्हे, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. इन्व्हर्टर पहिल्या संध्याकाळीच टूं टूं करून बंद. आणि खरं नुकसान पुढं आहे, शिशाची बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो, मग नंतर कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी ती भरत नाही. म्हणजे जिथं तिची सगळ्यात जास्त गरज तिथंच तिचं आयुष्य जातंय. पॉवर पॅकचं काय, करंट आपल्याकडं येत नसेल तर बॅटरी करंटकडं न्यायची! भाऊ खानापुरात कामाला जातोय, त्याच्या पिशवीत घालून दिला, संध्याकाळी भरून परत. नाहीतर गाडीच्या सॉकेटला लावायचा, तिथनं साधारण शंभर वॅट मिळतात, हळू भरतो पण भरतो. ट्युब्युलर घेऊन कोण जाणार ओ खानापूरला?

पण बेळगाव शहरात, टिळकवाडी किंवा शहापूरला राहणाऱ्यांना मी लिथियम घ्या असं सांगणार नाही. एलएफपीचे दोन-तीन हजार सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक सायकल), शिशाचे हजार-बाराशे, असं दुकानदार सांगतोय ते खोटं नाही, पण तुमचा करंट आठवड्यातनं एकदा तासभर जात असेल तर ते हजार सायकल तुम्ही कधी संपवणार? शिशाची बॅटरी तिथं सायकलनं मरत नाही, वयानं आणि उन्हानं मरते. आणि आपलं बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर, उष्णता कमी म्हणून बॅटरी टिकतेय. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात तीच बॅटरी लवकर बसते, २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य साधारण अर्धं होतंय असा ठोकताळा आहे. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घाला (बोअरचं नको), टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यानं धुवून ग्रीस लावा, खोलीत हवा खेळती ठेवा कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. एवढं केलं तर कमी पैशात ती चांगली चालतेय. जुनी झाली तरी दुकानदार वजनावर पैसे वळते करून घेतोय. लिथियमच्या मेलेल्या पॅकला आमच्या भंगारवाल्यानं हात लावला नाही. २०२२ च्या नियमात बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, पण ती गावापर्यंत पोचायची आहे.

आता दिंडीचं सांगतो, कारण पॅकचा खरा शोध तिथंच लागला. आषाढीला पंढरपूरला आमची दिंडी जाते, मागं टेम्पो, टेम्पोवर कर्णा, आणि अँप्लिफायर टेम्पोच्याच बॅटरीला जोडलेला. दिवसभर हरिपाठ, अभंग, मध्येच सूचना, पाण्याचा टँकर आलाय या. मिरजेच्या अलीकडं एका मुक्कामी सकाळी टेम्पो चालूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक टक. मग काय, वारकरी मंडळी माळा सावरून धक्का मारायला, पांडुरंग पांडुरंग करत, आणि ड्रायव्हर मामा वैतागून, तुमच्या अभंगानं माझी बॅटरी खाल्ली. मामांचं बरोबरच होतं. गाडीची बॅटरी स्टार्टरला दोन सेकंद शेकडो अँपियर द्यायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ, तिला दिवसभर हळूहळू रिकामी करणं म्हणजे पहिलवानाला दिवसभर पाणी भरायला लावल्यासारखं. पुढच्या वारीला पॅक नेला. इथं एक युक्ती सांगतो, ह्या अँप्लिफायरना मागं १२ व्होल्टची जोडणी असतेच, म्हणून पॅकच्या २३० च्या प्लगला लावू नका, १२ व्होल्टच्या सॉकेटला लावा, उगाच इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं वाचतंय. फक्त ते सॉकेट बहुतेक दहा अँपियरचं, म्हणजे १२० वॅट, मोठा अँप्लिफायर असेल तर चालणार नाही. आणि बायकांनी तिकडं मिक्सर लावून बघितला, चटणी करायची म्हणून, पॅकनं लगेच बीप करून बंद केलं. मोटर सुरू होताना लिहिलेल्या वॅटच्या कितीतरी पट ओढते. चटणी पाट्यावरच झाली, झकास झाली होती.

अजून एक, बरेच जण विचारतात की जुन्या इन्व्हर्टरलाच शिशाच्या जागी लिथियम जोडली तर? बघून जोडा. जुन्या चार्जरची सवय शिशाची, चार्ज झाल्यावरपण तो थोडं थोडं देत राहतो, काही इन्व्हर्टर तर अधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन बॅटरी उकळवतात. लिथियमला ते चालत नाही, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मध्येच तोडून टाकतो आणि मग लोक म्हणतात बॅटरी खराब. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असेल तरच.

सासरे चिकोडीकडनं रोज फोन करतायत, फवारणीच्या पंपाला कुठली घेऊ म्हणून. त्यांच्या पंपात १२ व्होल्ट ८ एएचची शिशाची आहे, अडीच किलोच्या आसपास, आणि पाठीवर वर परत सोळा लिटर पाणी. त्यांना लिथियमच घ्या म्हणून सांगितलंय, चार्जर पण त्याचाच घ्या, जुना वापरू नका. ते म्हणतात जुना चार्जर चांगला आहे की, कशाला टाकायचा. रविवारी जाऊन तो चार्जर मीच उचलून आणणार आहे.