मिक्सर गंडला

परवा वड्यांसाठी भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटत होते, पाणी अगदी चमचाभरच घातलेलं कारण पीठ सैल झालं की वडे तेल पितात, आणि मिक्सर घर्रर्र करून एकदम बंद. आतून सासूबाई, काय गं, काय झालं? म्हटलं, मिक्सर गंडला.

बोलून गेले आणि मग तोच शब्द डोक्यात फिरत बसला. गंडवणं म्हणजे फसवणं ना, भाजीवाल्याने वर ताजी आणि खाली सडकी मेथी बांधून गंडवलं वगैरे. मग गंडणं म्हणजे फसलं जाणं. आता मिक्सरला कोणी फसवलं? पण आपण बिनधास्त म्हणतो, नेट गंडलंय, प्लॅन गंडला, हेअरकट पार गंडलाय. पोरं तर पेपर गंडला म्हणतात, जसं काही त्या पेपरनेच अभ्यास केला नव्हता!

नादुरुस्त म्हणावं तर तो लिफ्टला लटकवलेल्या पुठ्ठ्यावरचा शब्द, घरात कोणी बोलत नाही. कुचकामी मला फार टोचतो, त्यात ही वस्तू कधीच धड नव्हती असा सूर असतो (आमच्याकडे फोल्डिंगची छत्री आणि कधीकधी नवरा). गंडलेली वस्तू काल चालत होती आणि उद्या चालेलही. बाद तर वेगळंच प्रकरण, वस्तू ठणठणीत असते, फक्त निकाल तिच्याविरुद्ध लागलेला असतो. चार आणे ३० जून २०११ पासून बाद झाले, पण आमच्या डब्यातली नाणी बघा, अजून चकचकीत आहेत, नुसती चालत नाहीत.

तर मिक्सर पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्या काकांकडे नेला. मनात कार्बन ब्रश, कपलर, मोटर जळली, सगळं येऊन गेलं, नवीन मिक्सरचे भावही बघून झाले. काकांनी तो उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं. चालू! म्हणाले, ताई, घट्ट डाळ वाटताना लोड आला की हे ट्रिप होतं, मोटर जळू नये म्हणून असतं, जरा थंड होऊ द्यायचा आणि दाबायचं. वीस रुपये.

मुकाट्याने दिले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलंच, काय झालं होतं गं?

काही नाही हो आई, जरा गंडला होता.